व्हरांड्यातली गवताची माणसं

क्रेगमिल, २१ सप्टेंबर

जिल,

फोनवर तू सदा कुठेतरी निघालेली असतेस आणि आमच्या खोऱ्यात फोन निम्मं बोलणं खातो, म्हणून लिहितेय. परवा तुझा फोन ठेवला आणि शाळेची बस तशीच चालू ठेवून मी खुळ्यासारखी हसत बसले. जुलैत आई जिन्यावरून पडली तेव्हापासून तू घराबद्दल आपणहून काही बोललीस ते हे पहिल्यांदाच. "लोर, आई थँक्सगिव्हिंगला घरी येणार. घर जुन्या पद्धतीनं सजव. दुकानातलं काही नको, सगळं हातचं." अगं, हे ऐकायला माझे कान किती आसुसले होते तुला काय सांगू!

आणि किती बारकाईनं सांगितलंस! जांभळे-हिरवे दिवे नकोत, प्लास्टिकचं भूत नको, ओट्यावरच्या बरण्या हलव, खिडक्यांचे पडदे धू. ॲरिझोनाच्या वाळवंटात राहून तुला पानगळीची एवढी आठवण येते हे मला ठाऊकच नव्हतं. मी उगाच तुला इतकी वर्षं कोरडी म्हणत आले.

शेजारच्या एमरीनं स्वयंपाकघराच्या दाराला आईच्या चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प करून दिलाय. लाकूड त्याच्याच गोठ्यातलं. शिवणाची खोली रिकामी करून मी आईचा पलंग खाली आणलाय, म्हणजे जिन्याचं नावच नको. संध्याकाळी बस लावली की मी पुलापलीकडे माझ्या घरी न जाता थेट इकडेच येते.

पुनर्वसन केंद्रातल्या बाई म्हणाल्या, आईची प्रगती चांगली आहे. नोव्हेंबरात घरी नेता येईल.

जंगली द्राक्षाचे वेल आजच तोडून आणलेत. टबात भिजत घातलेत, म्हणजे वळवताना मोडायचे नाहीत. आता मला आंघोळीला माझ्या घरी जावं लागतंय.

तुझी,
लोरेटा


क्रेगमिल, ६ ऑक्टोबर

जिल,

मक्याची धाटं आली! एमरीकडे गेले तर म्हणतो, "यंदा तुझं काय चाललंय? गव्हर्नर येणार आहे का घरी?" म्हटलं, गव्हर्नरपेक्षा मोठी येतेय. मग गप ट्रॅक्टरवर धाटं घालून दिली. व्हरांड्याच्या चारही खांबांना बांधलीत, बाबा बांधायचे तशी, सुतळीचे तीन वेढे आणि गाठ मागच्या बाजूला. दारावर द्राक्षवेलीचं कडं, त्यात आईच्या झुडपावरची वाळकी हायड्रेंजियाची फुलं आणि रुईच्या फुटलेल्या शेंगा. रुईचा कापूस घरभर उडतोय, मी शिंकून बेजार. खाद्याची जुनी पोती धुऊन जेवणाच्या टेबलावर मधोमध पट्टा घातलाय. बरण्यांत मका ओतून त्यात मेणबत्त्या. पहिल्या रात्री त्या बरण्या पायऱ्यांवर ठेवल्या तर खारींनी सगळा मका फस्त केला, वर एक बरणी फोडून गेल्या. आता उरलेल्या बरण्या घरात, खिडकीत आहेत.

भोपळ्यांना तिखट आणि साबणाचं पाणी चोळलंय, नाहीतर हरणं ठेवायची नाहीत. माझे हात अजून चुरचुरताहेत, आणि मी शहाणीनं त्याच हातांनी डोळा चोळला.

पानं मात्र मी शेवटी केली, कारण ते काम आईचं. मेपलची पानं, अगदी लालबुंद झालेली, वितळलेल्या मेणात एकदाच बुडवायची, दोनदा नाही. एकदा बुडवलं की पान जानेवारीपर्यंत लाल राहतं. दोनदा बुडवलं तर मेणाखाली मळकट दिसतं. मेण फार तापलं तर पानच करपतं. आईला ते नुसतं वासावरून कळायचं, मी निम्मी पानं वाया घालवली. उरलेली दोऱ्यात ओवून शिवणाच्या खोलीच्या खिडकीत टांगली, तिच्या पलंगासमोर.

एक माळ तिला दाखवायला केंद्रात घेऊन गेले. तिनं प्रत्येक पान बोटानं चाचपलं. "हे दोनदा बुडवलंस," म्हणाली. काय बाई नजर आहे! मग म्हणते, "ही माळ इथंच लाव, या खिडकीला."

म्हटलं, "अगं, इथं कशाला? घरी लावल्यात की. दीड महिन्यात तू घरी."

तर म्हणाली, "लोर, तू फार थकतेस गं. माझ्यासाठी एवढं नको करत जाऊस." मी म्हटलं, थकायला काय झालंय, बस चालवते, डोंगर नाही उचलत. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. गोळ्यांमुळे तिला उदास वाटत असेल. तू जरा फोन कर तिला. तुझा आवाज ऐकला की ती खुलते.

फोटो पाठव म्हणालीस, पण मला ते नीट जमत नाहीत. सगळे माझ्या अंगठ्याचे येतात. तू ये आणि डोळ्यांनीच बघ.

तुझी,
लोरेटा


क्रेगमिल, १६ ऑक्टोबर

जिल,

रविवारी माणसं बसवली. तिन्ही. बाबांचा नियम तुला आठवतो ना? थँक्सगिव्हिंगला घरच्यांपैकी जो जेवायला टेबलाशी बसणार, त्याचंच गवताचं माणूस व्हरांड्यात बसणार. फक्त त्याचंच, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावं या घरात कोण कोण येणार आहे. चेहरा काढायचा नाही, नुसती उशीची खोळ आणि टोपी. बाबा गेले त्या वर्षी आईनं त्यांची खुर्ची स्वतःच्या हातानं आत नेली होती.

फक्त तुझ्या बाबतीत आई नियम मोडत आली. तू ॲरिझोनाला गेलीस, एक वर्ष आलीस, तीन वर्षं नाही आलीस, पण तुझा लाल चौकडीचा लोकरी कोट दर ऑक्टोबरात गवतानं भरला गेला. मी कुरकुर केली की म्हणायची, "आणि समज आली तर? दारात आपली खुर्ची नाही बघून काय वाटेल तिला?" यंदा तू येतेच आहेस, म्हणजे कोटाला कितीतरी वर्षांनी खरं काम आहे. खालून दुसरं बटण मात्र लोंबतंय.

आईच्या माणसाला तिचा निळा कोट आणि वर फुलांचा एप्रन. मला माझा बसवरचा जुना रेनकोट. मधल्या खुर्चीत आई, डावीकडे मी, उजवीकडे तू. लांबून बघितलं आणि मला चक्क रडू आलं, हसू नकोस.

पण ऐक, एक चमत्कारिक गोष्ट झाली. मंगळवारी सकाळची फेरी संपवून आले तर व्हरांड्यात फक्त तू! आईचं आणि माझं माणूस गायब. तू मधल्या खुर्चीत, पायाशी सफरचंदांची पेटी, मांडीवर माझ्या विणलेल्या शालीची घडी. आणि एमरीच्या रॅम्पवर वरपासून खालपर्यंत भोपळे आणि गवताचे गठ्ठे रचलेले, रॅम्प दिसूच नये असे. शोधलं तेव्हा आम्ही दोघी कोठारात सापडलो, कोपऱ्यात, एकावर एक पालथ्या टाकलेल्या. आईचा एप्रन चुरगळलेला. दुधाच्या कॅनखालची किल्लीसुद्धा उलटी ठेवलेली.

कुणाचा हा चावटपणा, कळत नाही. रस्त्यावरच्या टारगटांचं काम म्हणावं तर ती भोपळे फोडतात, रचत नाहीत. तुला कुणी विचारून आलं होतं का? लगेच कळव. मी आम्हाला दोघींना परत बसवलंय.

लोरेटा


क्रेगमिल, २० ऑक्टोबर

जिल,

तुझं उत्तर आलं नाही. आता नकोच.

काल एमरी पोस्टात भेटला. टोपी काढून उभा राहिला, म्हणजे काहीतरी वाईट आहे हे मी ओळखलं. म्हणाला, "लोरेटा, फोटो झकास आलेत. पण तू मला तरी सांगायचंस."

"कसले फोटो?"

त्यानं फोन पुढे केला. माझं कडं. माझी धाटं. शिवणाच्या खोलीतली पानांची माळ, तिच्यामागून ऊन येतंय, काय सुंदर दिसतेय! आईचा पलंग नाही, तो कुठे सरकवला होता कोण जाणे, तिथे एक टेबल आणि माझी मेणबत्तीची बरणी. रॅम्पवर भोपळे. आणि व्हरांड्यात मधल्या खुर्चीत तुझा लाल कोट, एकटाच. खाली लिहिलंय: विकणे आहे. "तीन पिढ्यांच्या प्रेमानं सजवलेलं जुनं शेतघर." कुणी लिहिलं गं ते, तू की घरं विकणाऱ्या त्या एजंट बाईनं?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोस्टात सगळ्यांसमोर मी काय बोलले ते लिहीत नाही, एमरीला विचार, तो अजून लाल होतोय. महिनाभर मी त्या घरात राबले. हात चुरचुरले, टब अडकला, पानं करपली, आणि प्रत्येक गाठ मारताना वाटत होतं की आई रॅम्पवरून वर येईल आणि पहिल्यांदा हे बघेल. आणि तू? गिऱ्हाइकाला दाखवायला मला राबवलंस. फुकटात, गोड बोलून, आईचं नाव पुढे करून. केसानं गळा कापलास जिल. परक्यानं केलं असतं तर मी समजले असते.

"दुकानातलं काही नको, सगळं हातचं." आता कळलं का ते.

रात्री तुझा फोन आला. उचलला हे माझं चुकलंच. काय बोललीस ते तुझ्याच शब्दांत लिहिते, म्हणजे उद्या नाही म्हणायला नको. "लोर, ही आईचीच इच्छा आहे. तिला घर नकोय, तिथे तिला भीती वाटते. पण तुला सांगायचा तिला धीर होत नाही, तू एवढं केलंस म्हणून. तू तिच्यापाशी विषय काढू नकोस, ती कोसळेल." मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू इतकं छान केलं असतंस का?"

हे वाक्य मी बस चालवताना, भांडी घासताना, झोपताना ऐकतेय. तू ते कौतुक म्हणून बोललीस, हे तर आणखी भयंकर.

लो.


क्रेगमिल, ४ नोव्हेंबर

जिल,

तुझं ऐकून मी आईकडे विषय काढला नाही. खरं सांगायचं तर गेलेच नाही. तिला घर नको होतं आणि मला बावळटासारखी पानं बुडवत ठेवलं, याचा राग आला. म्हटलं, तिनं तरी सांगायचं. पुढचे दोन आठवडे केंद्रासमोरून रोज बस नेली आणि खिडकीकडे पाहिलंही नाही.

परवा गेले, कारण तिचे लोकरीचे मोजे माझ्याकडे राहिले होते. ती खिडकीशी बसली होती. माळ तिनं तिथल्या पोरीकडून खिडकीला लावून घेतली होती. मला बघितलं आणि तिचा चेहराच पडला. आधी हात धरला, मग म्हणाली, "लोर, माझ्यावर चिडू नकोस. घराच्या कागदांवर सही केली मी. तू आता मोकळी झालीस, पोरी."

"मोकळी? कशातून?"

"माझ्यातून," म्हणाली. "जिलनं सांगितलं मला सगळं. तू फोनवर रडलीस, मला आता झेपत नाही, आईला घरी आणू नका, असं म्हणालीस. अगं, बरोबर आहे तुझं. वयाच्या साठीला आलीस, किती उचलशील मला? पण माझ्या तोंडावर तू हे कधी बोलली नसतीस, म्हणून मला खरं वाटलं. जिल म्हणाली, लोरेटाला विचारू नकोस, शरमेनं मरेल ती."

मी तिथेच जमिनीवर बसले. ऑगस्टात एकदा तुला फोनवर म्हणाले होते की पाठ भरून आलीय आणि आज कंटाळा आलाय. एवढंच. त्या एका वाक्याचं तू हे केलंस. आईला सांगितलंस, लोरेटाला तू नकोस. मला सांगितलंस, आईला घर नको. आणि वर दोघींना बजावलंस की एकमेकींशी बोलू नका. आम्ही दोघी एकाच खोलीत बसून, तीच माळ हातात धरून, एकमेकींची मनं सांभाळत होतो. ती म्हणत होती एवढं करू नकोस आणि मी म्हणत होते गोळ्यांमुळे उदास आहे.

तुला ठाऊक होतं आम्ही गप्प राहू. आपल्या घरात मनातलं बोलायची सवय कुणालाच नाही, हे तुला चांगलं माहीत आहे, आणि तेच तू वापरलंस.

"आई, मी असं कधीच म्हणाले नाही," मी म्हटलं.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती रडली नाही, मीच रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे मी तुला नकोशी नव्हते?" एवढी म्हातारी बाई, आणि हे लहान मुलीसारखं विचारत होती. ते ऐकल्यावर मी तुला माफ करायचा विचार सोडून दिला.

मी म्हटलं, उद्याच वकील गाठते, सही मागे घेऊ. तर नाही म्हणाली. घर घेणारं जोडपं तिला दोनदा भेटून गेलंय. त्या मुलीला दिवस गेलेत. तिला म्हणे व्हरांडा बघूनच घर आवडलं. "पाळण्याची जागासुद्धा ठरवलीय तिनं, लोर. मी शब्द दिलाय. त्यांनी कुणाला फसवलं नाही." तुझ्या-माझ्या आईचं हे असं आहे. तू कुणाची गं झालीस?

डिसेंबरात त्यांना किल्ली द्यायची आहे. तोवर घर आपलंच. थँक्सगिव्हिंगला मी आईला तिथे आणणार. तुझ्या संदेशात वाचलं, तू शुक्रवारी येणार, "सामान आवरायला". सणाच्या गुरुवारी विमान महाग असतं, हे कळलं.

लो.


क्रेगमिल, थँक्सगिव्हिंग, संध्याकाळ

जिल,

हे पत्र दाराशी तुझ्यासाठी ठेवलेल्या पार्सलासोबत आहे. आधी पत्र वाच, मग उघड.

आईला सकाळी आणलं. रॅम्पवरचे भोपळे मी आणि एमरीनं कालच काढून, धुऊन ओढ्याकाठी हरणांना टाकले होते. खुर्ची वर चढवताना एमरी धापा टाकत म्हणाला, "मिसेस टीबो, तुम्ही केंद्रात काय खात होता हो?" आई म्हणाली, "तुझं डोकं. म्हणून तर पोट भरलं नाही." किती दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

व्हरांड्यात आल्यावर तिनं सगळं बघितलं. धाटं पार वाळून पिवळी पडलीत, वाऱ्यावर खरखरतात. कडं बघून म्हणाली, "तुझ्या बाबांपेक्षा बरं वळवलंस." मग तिची नजर तिन्ही खुर्च्यांवर गेली. स्वतःच्या गवताच्या माणसाशेजारी तिनं आपली खुर्ची लावायला सांगितली आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "ही माझ्यापेक्षा तरणी दिसते." मग उजवीकडे वळली. तुझा कोट तिथे होता. फोटोनंतर मी त्याला हात लावला नव्हता. फेकवत नव्हता आणि बघवतही नव्हता.

लोंबतं बटण तिनं बरोब्बर हेरलं. मग म्हणाली, "आज टेबलाशी कोण कोण आहे?"

"तू, मी आणि एमरी."

"जिल?"

"उद्या. सामान आवरायला."

तिनं मान हलवली. "तुझ्या बाबांचा नियम काय होता?"

तिला ठाऊकच होतं. इतकी वर्षं तिनंच तो तुझ्यासाठी मोडला होता, मी नव्हे.

"जवळ आण," म्हणाली. मी तुझं माणूस तिच्या मांडीवर आडवं ठेवलं. बटणं तिनं स्वतःच काढली, एकेक करून, तिची बोटं आता वळत नाहीत तरी. गवत ओंजळीनं बाहेर काढलं आणि कठड्यावरून खाली टाकलं. मी मदतीला गेले तर हात झटकला. कोट रिकामा झाल्यावर तो धरून बसली. मला वाटलं आता रडेल. तर म्हणाली, "सुईदोरा आण."

खालून दुसरं बटण लोंबत होतं ना, ते तिनं लावलं. सुई मी ओवून दिली, टाके तिनं घातले, गाठ दातानं तोडली. मी म्हटलं, "आई, काढूनच टाकायचंय तर बटण कशाला लावतेस?"

"परत द्यायचाय," ती म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू परत देताना धड द्यावी."

मग आम्ही जेवलो. टर्की जरा कोरडी झाली, क्रॅनबेरी छान झाली होती. एमरीनं तीनदा घेतलं. जेवताना तो आईला म्हणाला, "रॅम्प काय, चार स्क्रू तर आहेत. शनिवारी काढून लोरेटाच्या दाराला लावतो." आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बघतेस काय, पुलापलीकडे दोन खोल्या आहेत, एक तुझी. या वेळी तोंडावर सांगतेय, नीट ऐकून घे. ती म्हणाली, "ऐकलं." आणि बटाटे मागितले.

माझ्या दारातला ओटा लहान आहे. दोनच खुर्च्या मावतात.

किल्ली कॅनखाली आहे. आम्ही नसू. पानांच्या माळा मी काढून नेल्यात, बाकी धाटं, कडं, बरण्या सगळं त्या पोटुशी मुलीसाठी ठेवलंय, तिला ते आवडलं होतं. त्याला हात लावू नकोस.

कोट घडी घालून आईनंच कागदात गुंडाळला. बाहीत थोडं गवत राहिलं असेल. तेवढं तू झटकून घे.

लोरेटा